अरण्यांतील शाळा व शांतता

शाळेचें एक दार उघडलें कीं तुरुंगाचें एक दार बंद होतें, अशा आशयाचें वाक्य बक्षीस-समारंभांतून आपण सर्वांनीं अनेक वेळां ऐकलें आहे. वाक्य ऐकावयास गोड आहे, व तें उच्चारणाऱ्या पाहुण्यांच्या हेतूविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. तथापि ज्या प्रदेशांत शाळेचें दार उघडें ठेवणें हेंच जिवावरचें काम होऊन बसलें, त्या प्रदेशाकडे दृष्टि वळविली म्हणजे हें वाक्य इतक्या सहजपणें तोंडांतून निघत नाहीं. असा प्रदेश शोधण्यास दूर जावयास नको. आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकास गडचिरोली जिल्हा आहे, आणि त्याला लागून, इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगडांतील बस्तरचा मुलूख पसरलेला आहे. हल्लीं अनेक शाळांतून 'दुर्गम भागांत शाळा बांधण्यासाठीं' म्हणून डबे फिरतात. विद्यार्थी आपल्या खाऊचे पैसे त्यांत टाकतात व पालकही हातभार लावितात. हें चांगलेंच आहे. परंतु आपला पैसा कोणत्या कामीं लागावा ह्याचा विचार देणाऱ्यानेंही केला पाहिजे, आणि तो करण्यापूर्वीं त्या अरण्यांत शाळांचें आजवर काय झालें हें त्यास ठाऊक असलें पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. त्याच्या भूमीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अरण्यानें व्यापलेला आहे. जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांत भामरागड हें तालुक्याचें गांव असून तेथें पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्या तीन नद्यांचा संगम होतो. स्थळ मोठें रमणीय आहे. परंतु पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा बाहेरील जगाशीं संबंध तुटावा, असा तेथील लोकांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. नदीपलीकडे अबुझमाडचे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशीं बिजापूर, दंतेवाडा, सुकमा हे जिल्हे. ह्या सर्व मुलखांत गोंड लोकांची, व त्यांतही माडिया व मुरिया ह्या शाखांची वस्ती आहे. २०११ च्या शिरगणतींत गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे लोक २९ लाखांहून अधिक भरले. इतक्या लोकांची भाषा असूनही घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला स्थान नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशांतून नक्षलवाद्यांचीं पहिलीं पथकें ह्या अरण्यांत शिरलीं. त्यांस येथें पाय रोवावयास जागा कां मिळाली, ह्याचें उत्तर बऱ्याच अंशीं तेंदूच्या पानांत आहे. बिड्यांसाठीं लागणारीं हीं पानें भर उन्हाळ्यांत गोंड बायामुलांनीं तोडावयाचीं, त्यांचे पुडे बांधावयाचे, व ते कंत्राटदारानें मोजून घ्यावयाचे. मोजणारा तोच, भाव ठरविणारा तोच, आणि वहींत आंकडा लिहिणाराही तोच. जंगलखात्याच्या शिपायांचा जाच वेगळा. नक्षलवाद्यांनीं बंदुकीच्या धाकानें पानांचा भाव वाढवून दिला, म्हणून लोकांनीं त्यांस आसरा दिला. पुढें त्या बंदुकीनें काय काय केलें ही कथा लांब व रक्तानें भरलेली आहे. ६ एप्रिल २०१० रोजीं ताडमेटला येथें एका सकाळीं सुरक्षादलांचे ७६ जवान मारले गेले. १ मे २०१९ रोजीं, म्हणजे महाराष्ट्र-दिनींच, गडचिरोली जिल्ह्यांतील जांभूळखेड्याजवळ पेरलेल्या सुरुंगानें पोलिसांचे १५ जवान व त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. आणि ह्या दोन बंदुकांच्या मध्यें सांपडून, 'तूं पोलिसांचा खबऱ्या' किंवा 'तूं नक्षलवाद्यांचा माणूस' ह्या संशयावरून जे गांवकरी प्राणांस मुकले, त्यांचीं नांवें कोणत्याही स्मारकावर कोरलेलीं नाहींत.

आतां वारा फिरूं लागला आहे. २०२५ च्या मे महिन्यांत नक्षलवादी पक्षाचा सर्वोच्च नेता चकमकींत मारला गेला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांच्या मध्यवर्ती मंडळांतील एका ज्येष्ठ नेत्यानें सुमारें साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेविलीं. बंदुकीचा आवाज कमी होत असतांना शाळेच्या घंटेचा विचार करणें हें योग्यच आहे, व त्या मुलखांत शाळा बांधण्याविषयीं उत्साहाचीं भाषणें आतां सर्वत्र ऐकूं येतील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, 'बांधणें' ह्या शब्दाविषयीं थोडें सावध असावें.

कारण त्या अरण्यांत शाळांचा घात त्यांच्या बांधणीमुळेंच झाला. ज्या गांवांत सर्व घरें कुडाचीं व मातीचीं, त्या गांवांत शाळा हीच काय ती एकटी पक्की इमारत असे. तिला सिमेंटचें छप्पर, लोखंडी दार, जवळ विहीर किंवा हातपंप. मुक्कामास जागा शोधीत आलेल्या सशस्त्र दलास ह्याहून सोईची वास्तु कोठें मिळणार? दल उतरे, गच्चीवर वाळूचीं पोतीं रचलीं जात, आवाराभोंवतीं कांटेरी तार पडे, आणि मुलें एक तर व्हरांड्यांत किंवा घरीं बसत. हें पाहून नक्षलवादी रात्रीं येऊन ती इमारत सुरुंगानें उडवीत, व 'ही शाळा नव्हे, ही छावणी होय' असें सांगत. त्यांचें हें सांगणें सर्वथा खरें होतें असेंही नाहीं. बिहार व झारखंड ह्या राज्यांत पाहणी करून ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेनें २००९ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत, जेथें जवान राहत नव्हते अशाही शाळा उडविल्याचें नमूद आहे. बस्तरांतील शाळा मोकळ्या करण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयास २०११ च्या जानेवारींत सरकारला मुदत घालून द्यावी लागली. सारांश, दोन्ही पक्षांनीं शाळेकडे पाहिलें तें भिंती म्हणून. तिच्यांत मुलें बसतात ही गोष्ट दोघांच्याही हिशेबांत शेवटीं आली. कोणत्याही शाळेविषयीं विचारावयाचा पहिला प्रश्न 'तिला खोल्या किती' हा नसून 'तिच्यांत रात्रीं कोण निजतो' हा आहे, असें म्हणण्याची पाळी ह्या मुलखानें आणिली.

ह्याहूनही वाईट गोष्ट २००५ सालापासून घडली. त्या वर्षीं बस्तरांत 'सलवा जुडूम' नांवाची चळवळ सरकारच्या पाठिंब्यानें सुरू झाली. ह्या गोंडी शब्दांचा अर्थ 'शांतियात्रा' असा सांगण्यांत येई. ह्या यात्रेनें गांवेंच्या गांवें उठवून रस्त्याकाठच्या छावण्यांत आणून बसविलीं. जे आले नाहींत ते अरण्यांत किंवा गोदावरीपलीकडे पळाले. गांव उठलें म्हणजे शाळा उठली. अशा शेंकडों शाळा बंद पडल्या, व पुढें पंधरा-पंधरा वर्षें उघडल्या नाहींत. जीं मुलें त्या वेळीं पहिलींत जावयाचीं, तीं आज आईबाप झालीं आहेत व त्यांस आपलें नांव लिहितां येत नाहीं.

आणि ज्यांस लिहितां येत होतें, त्यांचें काय झालें? त्यांच्यांतील पुष्कळ तरुणांस 'विशेष पोलीस अधिकारी' म्हणून नेमण्यांत आलें. मानधन दरमहा ३,००० रुपये. निवडतांना पांचवी उत्तीर्ण झालेल्यांस अग्रहक्क. सर्वोच्च न्यायालयानें ५ जुलै २०११ च्या निकालांत, अशा मुलांच्या हातीं शस्त्रें देणें घटनाबाह्य ठरविलें, आणि एवढ्याशा शिक्षणावर ह्या तरुणांस कायद्याचें व स्वतःवरील संकटाचें आकलन कसें व्हावें, असा प्रश्न उपस्थित केला. विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. तुम्ही पांचवीची परीक्षा उतरलां तेव्हां घरीं पेढे वांटले गेले असतील. तेथें पांचवी उतरलेल्या मुलास सहावीच्या पुस्तकाऐवजीं बंदूक मिळाली, व ती पेलूं शकतो ह्याचा दाखला म्हणून त्याची शाळाच पुढें करण्यांत आली. शाळेचा ह्याहून मोठा उपमर्द आम्हांस ठाऊक नाहीं.

गांवें उठल्यानंतर मुलांची सोय करणें भागच होतें. छत्तीसगड सरकारनें मोठ्या रस्त्यांच्या कडेला निवासी शाळा काढल्या. त्यांच्या भिंती बांबूच्या चटयांच्या. हेतु असा कीं, त्यांत कोणत्याही दलानें ठाणें मांडूं नये व म्हणून त्या कोणी उडवूंही नयेत. एकेका ठिकाणीं पांचशेंपर्यंत मुलें राहूं शकत. लोक त्यांस 'पोटा केबिन' म्हणूं लागले. ह्या शाळांनीं पुष्कळ मुलें वांचविलीं, त्यांस दोन वेळचें अन्न दिलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु संकटकाळची सोय आणि कायमची व्यवस्था ह्यांत भेद करावयास नको काय? सहा-सात वर्षांचें मूल आईपासून तोडून चाळीस-पन्नास मैलांवर ठेवावयाचें, वर्षांतून दोन-तीन वेळां त्यानें घरीं जावयाचें, आणि शिकून तयार झालें म्हणजे त्याला ना गांवाचें शेत ठाऊक ना गांवाचें गाणें. गांवांत मुलें उरत नाहींत, व मुलांत गांव उरत नाहीं. शिवाय एवढीं मुलें एका छपराखालीं गोळा करण्यांतला धोका वेगळाच. मार्च २०२४ मध्यें बिजापूर जिल्ह्यांतील अशा एका मुलींच्या शाळेस रात्रीं आग लागून चार वर्षांची एक बालिका दगावली. चार वर्षांच्या मुलीची जागा आईच्या कुशींत असते, हें सांगावयास कोणी शिक्षणतज्ज्ञ नको.

शाळा मुलापासून किती दूर असावी, ह्या प्रश्नास आंकड्यांनीं उत्तर देणारा एक प्रयोग अफगाणिस्तानांत झालेला आहे. आणि तो देशही युद्धानें असाच पोळलेला असल्यामुळें त्या प्रयोगाचा येथें उल्लेख करणें अप्रस्तुत होणार नाहीं. त्या देशाच्या घोर नांवाच्या डोंगराळ प्रांतांत २००७ सालीं डेना बर्ड व ली लिंडन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं ३१ खेडीं निवडलीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांतील कांहीं खेड्यांत गांवच्या गांवांत वर्ग सुरू करण्यांत आले, व बाकीच्यांत एक वर्षानें करावयाचें ठरलें. इमारत कोठेंच बांधली नाहीं. गांवांतील एखादी रिकामी खोली किंवा मशिदीची ओसरी हीच शाळा, आणि गांवांतीलच बरा शिकलेला मनुष्य हाच शिक्षक. एवढ्यानें, जेथें वर्ग उघडले त्या खेड्यांत दर शंभर मुलांमागें ४२ मुलें अधिक शिकूं लागलीं. आणि मुलगे व मुली ह्यांच्या संख्येंत जें मोठें अंतर होतें तें मिटलें. शाळा एका मैलानें दूर गेली कीं शंभरामागें सुमारें १६ मुलें गळतात, व मुलींची गळती मुलग्यांहून जास्त, असेंही त्यांस आढळलें. २०२१ सालीं तेथें राज्य पालटलें व मुलींस सहावीपुढील वर्ग बंद झाले, ती कथा वेगळी व अधिक दुःखाची. परंतु आईच्या हांकेच्या टप्प्यांत शाळा असली तर लढाईच्या मुलखांतही बाप मुलीस शाळेंत धाडतो, हें त्या प्रयोगानें सिद्ध केलें तें कांहीं खोटें ठरत नाहीं.

आणि हाच अनुभव बस्तरांतही येऊन चुकला आहे. गेल्या कांहीं वर्षांत बिजापूर व सुकमा जिल्ह्यांतील बंद शाळा पुन्हां उघडूं लागल्या, त्या पुष्कळ ठिकाणीं झोपड्यांत उघडल्या. बांबू गांवानें आणिले, कूड गांवानें घातला, आणि सरकारनें पुस्तकें, फळा व शिक्षकाचें अल्प मानधन दिलें. शिक्षक म्हणून त्याच पंचक्रोशींतील, थोडेंफार शिकलेले तरुण नेमले गेले. त्यांस 'शिक्षादूत' म्हणतात. बाहेरील शिक्षक ज्या वाटेनें जाण्यास धजत नसत, त्या वाटेनें हे रोज गेले. ह्यांतील कांहीं शिक्षादूतांस, पोलिसांचे खबरे असल्याच्या आरोपावरून, नक्षलवाद्यांनीं ठार केलें. अशा हत्या २०२५ सालींही झाल्या. खडूची पेटी हातीं असलेल्या मनुष्यास मारावें असें ज्यांस वाटलें, त्यांस त्या खडूचें सामर्थ्य आपल्यापेक्षां अधिक कळलें होतें असें म्हणावें लागेल. युद्धकाळांत शाळांस हात लावूं नये व त्यांचा लष्करी कामासाठीं उपयोग करूं नये, असा एक जाहीरनामा २०१५ सालीं नॉर्वेच्या राजधानींत, ऑस्लो येथें, निघाला व शंभराहून अधिक राष्ट्रांनीं त्यास मान्यता दिली आहे. तो चांगला आहे. परंतु सुकम्याच्या झोपडींत उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा तरुण त्या कागदाच्या आधारावर उभा नव्हता. 'हा आपला पोरगा आहे' असें गांवानें म्हणावें, एवढाच त्याचा आधार होता.

कित्येक सुज्ञ पालक येथें एक आक्षेप घेतील, व तो साधा नाहीं. ते म्हणतील, शिक्षणानें हिंसा थांबते असें तुम्ही कशावरून म्हणतां? नक्षलवाद्यांचे पुढारी अशिक्षित होते काय? नव्हते. पीपल्स वॉर ह्या त्यांच्या जुन्या पक्षाचे संस्थापक कोंडापल्ली सीतारामय्या हे व्यवसायानें शिक्षक होते, आणि २०२५ सालीं मारले गेलेले नंबाला केशव राव हे वरंगळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले होते. उलट ज्यांस अक्षर ठाऊक नाहीं असा गोंड शेतकरी आपण होऊन कोणाच्या वाटेस गेल्याचें क्वचितच ऐकूं येतें. तेव्हां अज्ञानामुळें मनुष्य हिंसक बनतो व शाळेंत घातला कीं सौम्य होतो, हें मत आम्हांसही मान्य नाहीं. तें शहरांतील माणसाला सुखाचें वाटतें, कारण त्यायोगें सर्व दोष अरण्यांतील माणसाच्या माथीं जातो.

आमच्या मतें खेड्यांतील शाळा शांततेस साह्य करते तें अगदीं निराळ्या वाटेनें. तेंदूच्या पानांकडे पुन्हां पाहावें. ज्या गांवांत पुडे मोजून वहींत लिहिणारी एक मुलगी आहे, त्या गांवांत भाव वाढवून घेण्यासाठीं बंदूकवाल्याची गरज उरत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें अरण्यावरील हक्क सांगण्याची वाट उघडली खरी, परंतु तो हक्क अर्ज भरून, नकाशा जोडून, ग्रामसभेचा ठराव लिहून सांगावा लागतो. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवानें हें काम चिकाटीनें केलें, व २००९ सालीं आपल्या अरण्याचा सामूहिक हक्क मिळविला. देशांतील अगदीं पहिल्या अशा गांवांत त्याची गणना होते. जें दुसऱ्या गांवास बंदुकीनें मिळालें नाहीं तें ह्या गांवास बैठकींत बसून, वाचून, लिहून, वाद घालून मिळालें. शाळेनें माणूस सद्गुणी होतो कीं नाहीं, हा वाद तत्त्वज्ञांनीं घालावा. शाळेनें माणसाची मोजदाद त्याच्या स्वतःच्या हातीं येते, आणि ती आली म्हणजे त्याचा पुष्कळसा राग व पुष्कळशी भीति कमी होते, एवढें आम्हांस दिसतें.

अर्थात् हें एका वर्षांत होत नाहीं. भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला व डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथें जाऊन राहिले. रस्ता नाहीं, वीज नाहीं, आणि माडिया लोक परक्या माणसास पाहून दूर पळत. त्यांनीं जातांच शाळेची कोनशिला बसविली नाहीं. प्रथम औषध दिलें. औषधानें कांहीं रोगी बरे झाले तेव्हां माणसें जवळ आलीं. माणसें जवळ आलीं तेव्हां त्यांची भाषा शिकतां आली. आणि त्यानंतर १९७६ सालीं शाळा निघाली. भोंवतीं एवढा संघर्ष पेटला असतां ही शाळा चालत राहिली. तिच्यांतून शिकलेलीं माडिया मुलें आज डॉक्टर, शिक्षक, वकील झालीं आहेत. ही शाळाही निवासी, आणि आम्ही तर वर निवासी शाळांविरुद्ध लिहिलें. वाचक ही विसंगति दाखवितीलच. आमचें उत्तर असें कीं, जेथें शाळेपूर्वीं विश्वास आला तेथें आईबापांनीं मूल आपण होऊन सोंपविलें, आणि जेथें गांव उठवून मूल आणिलें तेथें तें सोंपविलेलें नव्हतें. पुढें २०१५ सालीं ह्याच मंडळींनीं छत्तीसगडच्या सीमेकडील नेलगुंडा ह्या खेड्यांतच एक शाळा काढली, ह्यावरून त्यांचाही ओढा मुलाजवळ जाण्याकडेच आहे असें दिसतें.

आतां भाषेसंबंधीं. घरीं मूल 'येर' म्हणून जें मागतें, तेंच शाळेंत गेल्यावर महाराष्ट्रांत 'पाणी' व छत्तीसगडांत 'पानी' म्हणून मागावें लागतें. तहान तीच, परंतु शिक्षकास तिचें नांव कळत नाहीं. असा शिक्षक कितीही सज्जन असला तरी मुलाच्या मनांत पहिला धडा उतरतो तो हा कीं, ही जागा आपली नव्हे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय व्हावी असें घटनेचें ३५० अ हें कलम सांगतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांतही, शक्य तेथवर, तसेंच म्हटलें आहे. प्रत्यक्षांत मात्र ही गोष्ट सरकारच्या आधीं नक्षलवाद्यांनीं ओळखली, व आपल्या ताब्यांतील भागासाठीं त्यांनीं गोंडींतून क्रमिक पुस्तकें काढलीं. त्यांत काय शिकविलें असेल तें असो. परंतु आईच्या भाषेंत पहिलें पुस्तक जो देतो त्याच्याकडे मूल वळतें, आणि ही संधि आपण इतकीं वर्षें दुसऱ्याच्या हातीं राहूं दिली.

धानोरा तालुक्यांतील मोहगांव येथें २०१९ सालीं ग्रामसभांनीं एकत्र येऊन गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. तिच्या नांवांत 'गोटूल' हा शब्द आहे. गोटूल म्हणजे गोंड गांवांतील तरुण मुलामुलींचें एकत्र जमण्याचें घर. गाणें, नाच, रीतिभाति, वडीलधाऱ्यांच्या कथा हें सर्व तेथें शिकावयाचें. म्हणजे शाळा ही कल्पना ह्या लोकांस आपण नव्यानें द्यावयाची आहे असें नव्हे. ती त्यांच्यापाशीं होतीच, तिचें नांव तेवढें वेगळें होतें. मोहगांवच्या शाळेंत गोंडीबरोबर मराठी, इंग्रजी, गणितही शिकवितात. २०२२ सालीं शिक्षणखात्यानें ती परवान्याविना चाललेली म्हणून बंद करावी असें फर्माविलें, व ग्रामसभांनीं घटनेचें तेंच कलम पुढें करून न्यायालयाची पायरी चढली. नियम पाळले पाहिजेत हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या जिल्ह्यांत चाळीस वर्षें लोकांनीं कायदा सोडून बंदूक धरूं नये म्हणून आपण कंठशोष केला, तेथें एक गांव घटनेचें पुस्तक हातीं घेऊन न्यायालयांत येतें, तर त्याचें स्वागत दंडाच्या नोटिशीनें व्हावें, हें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. परवाना देण्याचा अधिकार ज्यांच्या हातीं आहे, त्यांनीं तो देऊन टाकावा व वर चार पुस्तकेंही पाठवावीं.

एका नाजूक गोष्टीविषयींही लिहिलें पाहिजे. गडचिरोलींत पोलीसदलानें गेल्या कांहीं वर्षांत लोकांच्या उपयोगाचीं बरींच कामें केलीं आहेत, आणि वह्या, दप्तरें, खेळाचें सामान वांटण्याचे समारंभ पोलीस ठाण्यांच्या आवारांत होतात. हेतु चांगला आहे, आणि ज्या जवानांनीं आपले साथीदार गमावले त्यांनीं मुलांस वह्या वांटाव्या ह्यांत मनाचा मोठेपणाही आहे. तरी आमचें मत असें कीं, शाळेच्या अंगावर कोणताही गणवेश दिसूं नये. खाकी नाहीं, हिरवाही नाहीं. वही देणारा हात जर संध्याकाळीं चौकशी करणारा हात असेल, तर वही घेणाऱ्या मुलाकडे दुसऱ्या बाजूचीं माणसें कशा नजरेनें पाहतात, हें शिक्षादूतांच्या मरणानें दाखवून दिलें आहे. वह्या शिक्षकाच्याच हातीं द्याव्या व त्यानें त्या वर्गांत वांटाव्या. छायाचित्र निघालें नाहीं तरी चालेल.

हेंच आपल्यालाही लागू आहे. आपल्या डब्यांत जमणाऱ्या पैशांत सिमेंटची इमारत होत नाहीं, आणि झाली तरी तिची त्या मुलखांत सर्वांत कमी निकड आहे, हें वरील हकीकतीवरून दिसून येईल. गांवच्याच तरुणाचा भत्ता वर्षभर चालावा, गोंडी व मराठी अशा दोन्ही भाषांतील सचित्र वाचनपुस्तकें छापावीं, मुलांस बसावयास सतरंज्या असाव्या, ह्यांस लागणारा पैसा एका शाळेच्या आटोक्यांतला आहे. देणगीदारांच्या नांवाची संगमरवरी पाटी ह्या यादींत बसत नाहीं. कुडाच्या भिंतीस ती पेलवतही नाहीं. पैसा गांवच्या ग्रामसभेकडे, ठरावानिशीं, द्यावा, व हिशेबही तिच्याचकडून मागावा. हिशेब लिहिणें हाही शाळेचाच भाग आहे. आणि डबा दिवाळींत फिरवून जूनमध्यें उघडण्याची जी आपल्याकडील पद्धत, ती ह्या कामीं उपयोगाची नाहीं. तिकडे जूनच्या मध्यास पाऊस लागतो, नाले भरतात व वाटा बंद होतात. छप्पर शाकारावयाचे पैसे एप्रिल संपण्यापूर्वीं पोहोंचले पाहिजेत.